नाताळ २५ तारखेला, पगार १ तारखेला

दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. आमचा नाताळ मात्र जागचा हलत नाही. २५ डिसेंबर म्हणजे २५ डिसेंबर. ज्या घरात महिन्याच्या १ किंवा ७ तारखेला पगार होतो, त्या घराला २५ तारीख म्हणजे काय, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. दूधवाल्याची वही भरत आलेली असते, सिलिंडर नेमका तेव्हाच संपतो आणि पाकिटात उरलेल्या नोटा न मोजताही कळतात.

तुम्ही म्हणाल, बोनस असतो की! असतो, पण तो बहुतेक ठिकाणी दिवाळीला मिळतो. कंपनी सगळ्यांना एकदमच देते आणि त्यात चूक काहीच नाही. फक्त नाताळ करणाऱ्या घराला तो पैसा सहा ते नऊ आठवडे सांभाळून ठेवावा लागतो. तेवढ्या दिवसांत कुणीतरी आजारी पडतं, शाळेच्या गॅदरिंगचा ड्रेस भाड्याने आणावा लागतो, गावाकडे एखादं लग्न निघतं. डिसेंबर उजाडेपर्यंत बोनसच्या डब्यात चिल्लर उरते. नाताळ झाला की लगेच जानेवारी, म्हणजे शाळेच्या फीचा पुढचा हप्ता.

आणि नेमक्या याच दिवसांत मुलं विचारतात, "या वर्षी मला काय मिळणार?"

मी हा लेख त्या प्रश्नाविषयी लिहिते आहे. मला अजून मुलं नाहीत. मी आत्या आहे, एका भाच्याची आणि एका भाचीची. पण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहते. एका बाजूला माझं घर. दुसऱ्या बाजूला माझं काम, कारण मी पुण्यात कंटेंट रायटर आहे आणि सणासुदीला 'मुलांसाठी २५ सुंदर भेटवस्तू' अशा याद्या लिहिणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. नाताळच्या याद्या आम्ही ऑक्टोबरातच लिहायला घेतो. ४९९च्या आत, ९९९च्या आत, १४९९च्या आत अशा पायऱ्या पाडतो. वाचणाऱ्याला सगळ्यात खालच्या पायरीवर थांबताना जरा कमीपणा वाटावा, अशीच ती मांडणी असते. हे घेतल्यावर उरलेला महिना कसा जाईल, हा रकाना त्या यादीत कधीच नसतो.

तो रकाना आमच्या घरी मात्र असतो. आम्ही नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, लाडू सगळं होतं. दारात आकाशकंदिलाच्या जागी चांदणी लागते आणि थंडीत रात्री उशिरापर्यंत कॅरल गाणारी मंडळी घरोघरी फिरतात. दादा एमआयडीसीत कामाला आहे, वहिनी घरी शिवणकाम करते. ओव्हरटाइम चालू असला की घर नीट चालतं, बंद झाला की ओढाताण होते. दोन वर्षांपूर्वी तो दिवाळीनंतर लगेच बंद झाला.

त्या वर्षी वहिनीने वहीच्या मागच्या पानावर नाताळचा हिशोब मांडला होता. एकूण ९,००० रुपये. त्यातले ३,२०० चौघांच्या कपड्यांना, २,१०० फराळ आणि केकला, १,५०० नाताळच्या दिवशीच्या जेवणाला, ५०० चर्चमधल्या दानासाठी, ६०० मुलांच्या आजोळी जाण्यायेण्याला. उरले ११००. मुलं दोन.

हा आकडा वाचून कुणाला वाईट वाटेल, कुणाला तो बराच वाटेल. मला विचाराल, तर खरी अडचण आकड्याची नव्हती. ती निघाली भाच्याच्या तोंडून. तेव्हा तो आठ वर्षांचा, तिसरीत होता. मी सुट्टीला घरी आले होते आणि तो माझ्याजवळ बसून चांदणीची वायर सोडवत होता. मध्येच म्हणाला, "आत्या, सांता चांगल्या मुलांनाच गिफ्ट देतो ना?"

मी म्हटलं, "असं म्हणतात खरं."

"मग आमच्या वर्गातल्या त्या मुलाला मागच्या वर्षी गिअरची सायकल कशी मिळाली? तो तर सगळ्यांना मारतो. मला नुसती रंगपेटी. मी त्याच्यापेक्षा वाईट आहे का?"

आत वहिनीचं मशीन चालू होतं, ते थांबलं.

आता तुम्हीच सांगा, या मुलाचं कुठे चुकलं? आपण त्याला एक नियम शिकवला, चांगलं वागलं की सांता देतो. त्याने तो नियम खरा मानला आणि तिसरीतल्या गणितासारखा सोडवला. त्याला मिळालं कमी, म्हणजे तो कमी चांगला. पैशाची गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. म्हणून जी तूट पप्पांच्या पगारात होती, ती त्याने स्वतःच्या स्वभावात शोधली.

त्या रात्री मुलं झोपल्यावर दादा, वहिनी आणि मी बराच वेळ बोलत बसलो. त्यातून जे ठरलं ते आजही आमच्या घरात चालू आहे. तुमच्याही उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून सांगते.

पहिलं ठरलं ते सांताचं. सांता येईल, पण त्याची भेट लहान असेल. मोज्यात मावेल एवढीच: चॉकलेट, स्टिकर, खोडरबर, एखादी शिट्टी. खर्च प्रत्येकी ५० रुपयांच्या आसपास. मोठी भेट आई-पप्पांची आणि ती त्यांच्याच नावाने द्यायची. हा बदल दिसायला अगदी लहान आहे. पण त्यामुळे सायकल आणि रंगपेटी यांतला फरक मुलाच्या चांगुलपणाचा राहत नाही, तो दोन घरांच्या खिशांचा होतो. खिशाचा फरक मूल समजू शकतं. सांताने आपल्याला नापास केलं, हे मात्र ते कुणाला बोलूनही दाखवत नाही.

दुसरं, चांगल्या मुलांनाच मिळतं, ही भाषाच आम्ही सोडून दिली. "दूध पी, नाहीतर सांता येणार नाही" हे तुमच्याही घरी होत असेल. सोयीचं असतं, मान्य आहे. पण ज्या संत निकोलसवरून हा सांता आला, त्याची गोष्ट आठवा. चौथ्या शतकात मायरा इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, ते बिशप होते. परंपरेने चालत आलेली कथा अशी, की एका गरीब बापाच्या तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसे नसल्यामुळे त्यांची लग्नं होत नव्हती. निकोलसने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. त्या मुली शहाण्यासारख्या वागतात का, याची चौकशी त्याने केली नव्हती. गरज होती म्हणून दिलं आणि नाव न सांगता दिलं. हुंडा शब्द ऐकला की ही गोष्ट आपल्याकडच्या मुलांना लगेच कळते, आम्ही तीच सांगतो.

आम्हा ख्रिस्ती लोकांना तर हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. चर्चमध्ये आपण कृपा हा शब्द सतत ऐकतो. जे कमावलेलं नाही, तरी मिळालं, ती कृपा. मग घरी येऊन मुलाला, "आधी चांगला वाग, मग मिळेल" असं सांगितलं, तर आपण भेट देत नाही, पगार देतो.

तिसरं ठरलं ते बोलण्याचं. नाताळच्या आधीचे चार रविवार आमच्याकडे आगमनकाळाचे मानतात. त्यातल्या पहिल्या रविवारी, उपासनेहून आल्यावर, मुलांना रक्कम सांगायची. रडत नाही, रागावून नाही, बाजाराची यादी करावी तसं. "या वर्षी गिफ्टसाठी एवढे पैसे आहेत. त्यात काय काय बसतं ते आपण मिळून बघू." आपल्याला वाटतं, पैशाचं बोलून मुलांचं बालपण हरवेल. आमचा अनुभव उलटा आहे. मुलांना घरातली ओढाताण कळतेच. आईबाप दार लावून हळू आवाजात बोलतात तेव्हा तर जास्तच कळते. आकडा समोर आला की भीती कमी होते, कारण आकड्याला शेवट असतो.

एक पथ्य मात्र आम्ही पाळतो. आपला त्याग मुलांना ऐकवायचा नाही. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या प्रत्येकाला ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही १९०५ सालची कथा माहीत असते. डेलाकडे नाताळच्या आदल्या दिवशी १ डॉलर ८७ सेंट असतात. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायला ती केस विकते आणि तो तिच्या केसांसाठी कंगवे घ्यायला घड्याळ विकतो. नवरा-बायकोत हे शोभतं. पण "तुझ्या गिफ्टसाठी मी या वर्षी साडी घेतली नाही" असं आई मुलाला म्हणाली, तर ते खेळणं मुलाला जड होतं. तो त्याच्याशी खेळत नाही, त्याची परतफेड करत बसतो.

चौथा प्रश्न माझाच होता. घरात कमावती, बिनलग्नाची आत्या असली की तिला वाटणारच की सायकल आपण घेऊन टाकू. मी वहिनीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तू घेशील गं. पण पुढच्या वर्षी काय? आणि मग या घरात मोठं गिफ्ट कुणाचं, पप्पांचं की आत्याचं?" थोडं थांबून तिनेच मार्ग सांगितला, "तुला द्यायचंच असेल तर जानेवारीत दे." म्हणून त्या वर्षी माझी भेट म्हणजे शाळेच्या रिक्षावाल्या काकांचे जानेवारी आणि फेब्रुवारीचे पैसे. मुलांना ते आजही माहीत नाही. तुम्ही आत्या, मावशी, काका, मामा असाल, तर एवढंच सांगेन: आधी मुलाच्या आईबापाला विचारा. त्यांच्या भेटीपेक्षा आपली भेट मोठी होऊ देऊ नका. फी, औषधं, चष्मा, बूट यांतलं काही गुपचूप उचललंत, तर ती त्या घरातली सगळ्यात मोठी भेट ठरेल आणि कुणाची मान खाली जाणार नाही.

पाचवं, चुलत-मामे भावंडांचं. आमच्याकडे नाताळला सात मुलं जमतात. प्रत्येकाने उरलेल्या सहांना काही द्यायचं ठरवलं तर ४२ पाकिटं होतात आणि त्यातली निम्मी संध्याकाळपर्यंत मोडतात. म्हणून नावांच्या चिठ्ठ्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यालाच द्यायचं, मर्यादा १५० रुपये. ४२ची सात झाली आणि गंमत वाढली, कारण महिनाभर गुपित सांभाळायचं असतं. बऱ्याच ठिकाणी चर्चमधली तरुण मंडळीही हेच करतात, तुम्ही कुटुंबात करून बघा. मोठ्यांनी एकमेकांना काही द्यायचं नाही, हेही आम्ही त्याच वेळी ठरवून टाकलं. सगळ्यांनाच हलकं वाटलं.

सहावं, हप्त्यावर खेळणं नाही. 'नो कॉस्ट ईएमआय' हे शब्द मी स्वतः अनेक जाहिरातींत लिहिले आहेत, म्हणून सांगते. प्रोसेसिंग फी बऱ्याचदा कुठेतरी बारीक अक्षरात असते आणि हप्ता चुकला की दंड वेगळा. डिसेंबरात फुटलेल्या गाडीचा हप्ता मार्चमध्ये भरताना नाताळचा आनंद आठवत नाही.

मग त्या ११०० रुपयांचं काय झालं? शेजारच्या एका मुलाची सायकल त्याला लहान झाली होती. ती ६०० रुपयांना मिळाली. ट्यूब, सीटचं कव्हर आणि रंग यांना २०० लागले. रंग भाच्यानेच निवडला, निळा. दादाने आणि त्याने मिळून दोन संध्याकाळी ती रंगवली. भाचीला २०० रुपयांची भातुकली. ती पाच वर्षांची होती आणि त्या वयात मुलं रुपये मोजत नाहीत, डब्यात किती वस्तू निघाल्या ते मोजतात. भातुकलीत बऱ्याच निघाल्या. उरलेले १०० दोन मोज्यांत गेले.

भाचा खूश झाला का? झाला, पण पूर्ण नाही. दोन चकरा मारून आला आणि म्हणाला, "गिअर नाहीत." दादा म्हणाला, "नाहीत." वहिनी म्हणाली, "तुला हव्या होत्या ना?" तो हो म्हणाला, जरा वेळ पायरीवर बसला आणि मग पुन्हा सायकल घेऊन गेला. त्या जरा वेळात आम्ही कुणीही त्याला समजावलं नाही. "जगात कितीतरी मुलांना जेवायला मिळत नाही" हे वाक्य आम्ही मुद्दाम टाळलं. हवं ते मिळालं नाही तर वाईट वाटणारच. ते मुलाला झेपतं. आपण कमी प्रतीचे आहोत असं वाटणं झेपत नाही. आईबाप म्हणून पहिल्यापासून मुलाला वाचवता येत नाही, दुसऱ्यापासून मात्र नक्की वाचवता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सुट्टीनंतर शाळेत "तुला काय मिळालं?" हा प्रश्न येणारच होता. त्याची तयारी आम्ही घरीच केली होती. खोटं बोलायचं नाही, ओशाळायचं नाही. त्याचं उत्तर होतं, "पप्पांनी सायकल दिली, रंग आम्ही दोघांनी दिला." पुढे कुणी काही विचारलं नाही म्हणे.

मुलांनी देण्याचंही आमच्याकडे एक जुनं, बिनखर्चाचं वळण आहे. दिवाळीला शेजारून आमच्याकडे फराळाची ताटं येतात, नाताळला आमच्याकडून जातात. पूर्वी ती मोठी माणसं नेत, आता मुलं नेतात. कुणाच्या घरी करंजी आवडते, कुणाला साखर चालत नाही, हे त्यांना पाठ झालं आहे. घेणारा म्हणून नाताळ महिनाभर वाट पाहण्याचा असतो. देणारा म्हणून तो एका सकाळी दहा दारं वाजवण्याचा होतो. मुलांना दुसरा जास्त आवडतो, हे मी पाहिलं आहे.

शेवटी एक गोष्ट, जी नाताळच्या धामधुमीत सहसा कुणी सांगत नाही. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस दिला, हे सगळ्यांना ठाऊक असतं, प्रत्येक नाताळच्या नाटकात ते येतं. पण लूकच्या शुभवर्तमानात आणखी एक अर्पण आहे. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी दोन लहान पक्ष्यांचं अर्पण केलं. खरं तर नियम कोकराचा होता. ज्या घराला कोकरू परवडत नाही, त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत, अशी सोय लेवीयच्या पुस्तकात करून ठेवलेली होती. म्हणजे ज्या घराचा आपण सण करतो, त्या घराचंही बजेट तंगच होतं. त्यांना जे परवडलं ते त्यांनी उघडपणे हातात घेऊन नेलं. लपवलं नाही, उसनंही आणलं नाही.

तेव्हा नोव्हेंबर संपायच्या आत एखाद्या संध्याकाळी वही काढा. तुमच्याकडे नाताळ नसेल, तर दिवाळीच्या किंवा ईदच्या आधी काढा, हिशोब तोच आहे. आधी घराचा खर्च लिहा, मग उरलेला आकडा लिहा. तो ११०० असेल, ३०० असेल, कदाचित १००च असेल. मुलांना बोलवा, जवळ बसवा आणि तो आकडा सांगा. आणि त्याच दमात हेही सांगा, की या आकड्याचा त्यांच्या चांगलं असण्याशी काडीचाही संबंध नाही.